वाइनमधल्या मेदाम्लांचे आकडे दर वेळी बदलतात: गळती कुठे आहे ते कसं शोधायचं

एकाच बाटलीतली वाइन, तीन वेळा काढलेला अर्क, आणि ऑक्टेनॉइक आम्लाचे आकडे ४, ६ आणि साडेसहा मिलिग्रॅम प्रति लिटर. डेकॅनॉइक त्याहून बेभरवशाचं: कधी दीड, कधी अर्धा, कधी आलेखावर पीकच (त्या आम्लाचं टोक) सापडत नाही. अशा वेळी पहिला संशय पीएचवर जातो, दुसरा आम्लं द्रावकात ढकलण्यासाठी घातलेल्या मिठावर, आणि तिसरा उपाय म्हणून सेपरेटिंग फनेल (द्रवाचे दोन थर वेगळे करायचं तोटीचं भांडं) आणखी जोरात हलवलं जातं. या तिसऱ्या उपायाने तर नुकसानच होतं.

या आकड्यांवर टाकीतले निर्णय अवलंबून असतात. साखर संपायच्या आधीच किण्वन थबकलं, तर त्यामागे यीस्टने स्वतःच बाहेर सोडलेली आठ आणि दहा कार्बनची मेदाम्लं असू शकतात. बोर्दोच्या लाफाँ-लाफुर्काद, जेनेक्स आणि रिबेरो-गायाँ यांनी १९८४ मध्ये हे दाखवलं, आणि यीस्टच्या रिकाम्या पेशीभित्तिका घातल्या की ही आम्लं त्यांना चिकटून द्रवातून निघून जातात, हेही दाखवलं. भित्तिकांचा डोस साधारण २० ते ४० ग्रॅम प्रति हेक्टोलिटर असतो. तो घालायचा की नाही, हे दोन-तीन मिलिग्रॅमच्या फरकावर ठरणार असेल तर मोजमापातली गळती दोन-तीन मिलिग्रॅमची असून चालत नाही.

पुढची चर्चा सुट्या, म्हणजे अल्कोहोलशी जोडून एस्टर न झालेल्या मेदाम्लांची आहे: हेक्झॅनॉइक (सी६), ऑक्टेनॉइक (सी८), डेकॅनॉइक (सी१०) आणि डोडेकॅनॉइक म्हणजेच लॉरिक (सी१२). अर्क द्रव-द्रव पद्धतीने काढलेला आणि मोजणी गॅस क्रोमॅटोग्राफवर (मिश्रणातले घटक लांब बारीक नळीत, म्हणजे कॉलममध्ये, वेगळे करणारं यंत्र), एफआयडी (ज्योतीवर चालणारा डिटेक्टर) किंवा मास डिटेक्टरने, असं धरलं आहे.

आधी साखळीची लांबी बघा

एकेका आम्लाचा आकडा सुटा बघितला तर काहीच कळत नाही. चारही आम्लांची रिकव्हरी (असलेल्यापैकी किती हाती लागलं) शेजारी शेजारी मांडा, कारण गळतीची जागा त्या उतारावरून ओळखता येते.

वीस अंश सेल्सिअसला एक लिटर पाण्यात हेक्झॅनॉइक सुमारे १० ग्रॅम विरघळतं, ऑक्टेनॉइक ०.७ ग्रॅमच्या आसपास, डेकॅनॉइक जेमतेम ०.१५ ग्रॅम आणि लॉरिक त्याहूनही कमी. उत्कलनबिंदू याच क्रमाने २०५, २३९, २६९ आणि २९८ अंशांच्या जवळ. म्हणजे आखूड साखळीचं आम्ल पाण्यात राहून जातं किंवा अर्क आटवताना उडून जातं, आणि लांब साखळीचं मिळेल त्या पृष्ठभागाला चिकटून बसतं: फेस, यीस्ट, फिल्टर, प्लास्टिक, इन्जेक्टरमधली काच.

म्हणून सी६ कमी आणि बाकी ठीक असतील तर चूक अर्क काढण्यात किंवा आटवण्यात आहे. सी६ ठीक आणि सी१०, सी१२ कमी असतील तर चूक नमुना हाताळण्यात किंवा यंत्राच्या तोंडाशी, म्हणजे इन्जेक्टरपाशी आहे. चारही एकाच प्रमाणात कमी-जास्त असतील तर आम्लांकडे बघूच नका, इंटर्नल स्टँडर्ड (तुलनेसाठी मोजून घातलेला ओळखीचा पदार्थ) तपासा.

उतार काढायला दोन ठिकाणी भर घालून बघावी लागते. पहिल्या फ्लास्कमध्ये ५० मिली वाइनला चारही आम्लांचं, प्रत्येकी १ ग्रॅम प्रति लिटरचं, इथेनॉलमधलं द्रावण २५० मायक्रोलिटर घाला. ही प्रत्येकी ५ मिलिग्रॅम प्रति लिटरची भर झाली. दुसऱ्या फ्लास्कमधल्या वाइनचा नेहमीसारखा अर्क काढा आणि १ मिली झालेल्या शेवटच्या अर्कात २५ ग्रॅम प्रति लिटरचं द्रावण १० मायक्रोलिटर घाला. भरीचं वजन तेवढंच, पाव मिलिग्रॅम. तिसरा फ्लास्क भरीशिवाय. दुसऱ्यातली भर पूर्ण दिसत नसेल तर यंत्र दोषी. दुसऱ्यात पूर्ण दिसते पण पहिल्यात नाही, तर चूक बाकावर, म्हणजे अर्क काढण्याच्या कामात झाली आहे. या तपासणीला अर्धा दिवस जातो, पण त्याशिवाय केलेली दुरुस्ती अंदाजाने केलेली असते.

पीएचवर येणारा आळ

या आम्लांचा पीकेए (ज्या पीएचला निम्मं आम्ल आयनरूपात असतं तो आकडा) ४.९ च्या आसपास असतो. पीएच ३.५ च्या वाइनमध्ये त्यांचा फक्त ४ टक्के भाग आयनरूपात असतो. बाकी सगळा सेंद्रिय थरात जायला आधीच तयार असतो. त्यामुळे वाइनमध्ये पीएच २ वर आणायचं विसरलं तरी आकडा निम्मा होत नाही. आम्ल घाला, सगळ्या नमुन्यांत सारखेपणा राहतो. पण तीस टक्के तूट असेल तर कारण दुसरीकडे शोधा. बिअरचं वेगळं आहे. तिचा पीएच ४.३ धरला तर सुमारे २० टक्के आम्ल आयनरूपात असतं, तिथे फॉस्फोरिक किंवा सौम्य सल्फ्युरिक आम्लाने पीएच २ करणं टाळू नये.

सी१० आणि सी१२ कमी येतात तेव्हा

सगळ्यात जास्त वेळा हेच होतं, आणि बहुतेकदा अर्क काढायला बसण्याच्या आधीच होऊन गेलेलं असतं.

चालू किण्वनातला नमुना गढूळ असतो. त्यातलं यीस्ट डेकॅनॉइक आम्ल धरून ठेवतं. टाकीत घातलेल्या पेशीभित्तिका जे काम करतात तेच बाटलीतलं यीस्ट करत राहतं. नमुना काढल्यावर तासाभरात ४ अंशांना सेंट्रिफ्यूज करा, ४००० जी (गुरुत्वाच्या ४००० पट), १० मिनिटं, आणि वरचा स्वच्छ द्रव काचेच्या बाटलीत घ्या. सेंट्रिफ्यूज न करता फ्रीजरमध्ये टाकलेला नमुना वितळताना पेशी फुटतात आणि आतली आम्लं बाहेर येतात. मग एका नमुन्यात आकडा पडतो, दुसऱ्यात चढतो, आणि दोन्ही खोटे असतात.

गढूळपणा काढायला सिरिंज फिल्टर वापरण्याचा मोह टाळा. फिल्टरच्या पडद्याला सी१० आणि सी१२ चिकटतात, आणि पहिले काही मिली जितके कमी टाकून द्याल तितकी तूट जास्त. फिल्टर वापरावाच लागला तर तोच फिल्टर भर घातलेल्या कृत्रिम वाइनवर तपासा. पॉलिप्रॉपिलीनच्या नळ्यांबद्दलही हीच काळजी. नमुना काचेत ठेवा, झाकणाला टेफ्लॉनचं अस्तर हवं, आणि बाटली रिकामी केल्यावर ती अर्काच्या द्रावकाने धुऊन ते धुवण अर्कातच मिसळा.

मग फेस. मेदाम्लं द्रवाच्या पृष्ठभागावर जमतात, त्यामुळे फेसात त्यांचं प्रमाण खालच्या द्रवापेक्षा जास्त असतं. बिअर किंवा स्पार्कलिंग वाइन हलवून, फेस काढून वायूमुक्त केली तर सी१२ फेसाबरोबर जातं. थंड नमुना रुंद तोंडाच्या बीकरमध्ये हळू ओता, चुंबकी ढवळणीने मंद गतीवर वायू जाऊ द्या आणि फेस आपोआप बसेपर्यंत थांबा. फेस चमच्याने काढू नका, कागदातून गाळू नका.

अर्क काढताना दोन थरांच्या मध्ये जो पांढरट पट्टा राहतो तोही फेसासारखाच आम्लं अडवून धरतो. प्रथिनं आणि यीस्टचे मॅनोप्रोटीन यांनी तो बनतो आणि फनेल जोरात हलवलं की घट्ट होतो. तो पट्टा पाण्याच्या थराबरोबर टाकून दिला की त्यातलं सी१० गेलं. फनेल सावकाश उलटंसुलटं करा, मिनिटाला साधारण वीस वेळा, पाच मिनिटं. पट्टा झालाच तर सगळं मिश्रण काचेच्या नळीत घेऊन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर १० मिनिटं सेंट्रिफ्यूज करा. पट्टा मोडेपर्यंत द्रावक मोजू नका.

सी६ कमी येतं तेव्हा

द्रावक नुसतं हेक्झेन असेल तर कारण समोरच आहे. आखूड आम्लाला हेक्झेनपेक्षा पाणी आणि इथेनॉल जवळचे वाटतात. डायइथाइल इथर आणि हेक्झेन सारख्या प्रमाणात घेतलं, किंवा डायक्लोरोमिथेन वापरलं, की सी६ बाहेर येतं. एकदाच भरपूर द्रावक घालण्यापेक्षा थोडं थोडं तीनदा घालणं फायद्याचं: एका वेळी ७० टक्के येत असेल तर तीन वेळांत ९७ टक्क्यांच्या वर पोचतं.

इथेनॉल इथे दुहेरी त्रास देतं. बारा टक्के इथेनॉल असलेल्या पाण्यात आम्लं जास्त सुखाने राहतात, आणि मीठ भरपूर घातलं की तेच इथेनॉल सेंद्रिय थरात शिरून त्याचं घनफळ वाढवतं. वाइन तेवढ्याच पाण्याने पातळ करून घेतली की दोन्ही त्रास कमी होतात.

उरलेली गळती आटवण्यात होते. नायट्रोजनच्या झोतात अर्क कोरडा होऊ दिला तर हेक्झॅनॉइक त्याच्याबरोबर जातं. १ मिलीच्या खाली जाऊ नका, नळी ज्या पाण्यात ठेवली त्याचं तापमान ३० अंशांवर ठेवा, झोत इतका मंद की पृष्ठभागावर जेमतेम खळगी पडेल.

नाशिक, दिंडोरी, निफाडच्या पट्ट्यात काम करणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. आपल्याकडे द्राक्षतोडणी जानेवारी ते मार्चमध्ये होते, आणि साठलेले नमुने चालवायला एप्रिल-मे उजाडतो. डायइथाइल इथर ३४.६ अंशांना उकळतं. दुपारी खोलीचं तापमान त्याच्या वर असेल तर बंद फनेलमध्ये दाब चढतो, द्रावक मोजतामोजता उडतं आणि घनफळावर आधारलेलं सगळं गणित कोसळतं. ठिणगीचा धोका वेगळाच. उन्हाळ्यात इथरऐवजी ५५ अंशांना उकळणारं मिथाइल टर्शरी ब्युटाइल इथर घ्या किंवा खाली दिलेली आटवणीविना पद्धत वापरा.

थंडीची अडचण उलटी आहे. शुद्ध ऑक्टेनॉइक १६.७ अंशांना गोठतं, डेकॅनॉइक ३१ अंशांच्या वर असतं तेव्हाच द्रव. निफाडच्या जानेवारीत ऑक्टेनॉइकची बाटली सकाळी अर्धी गोठलेली असते. वरचा द्रव पिपेटने उचलला तर त्यात अशुद्धी जमा झालेली असते. बाटली कोमट पाण्यात ठेवून पूर्ण वितळवा, हलवा, आणि घनफळाने न मोजता वजनाने मोजा. मूळ द्रावण इथेनॉलमध्ये करा, शीतपेटीत ठेवा आणि महिन्याने नवं बनवा, कारण इथेनॉलमध्ये आम्लाचं हळूहळू इथाइल एस्टर होत जातं. हे मूळ द्रावण थेट पाण्यात टाकलं तर डेकॅनॉइक तवंगासारखं वर येतं. कॅलिब्रेशन कृत्रिम वाइनमध्येच करा: १२ टक्के इथेनॉल, ५ ग्रॅम प्रति लिटर टार्टारिक आम्ल, पीएच ३.५.

चारही आम्लं एकत्र वरखाली

इंटर्नल स्टँडर्ड शेवटी, इन्जेक्शनच्या आधी घातलं जात असेल तर ते फक्त सिरिंजची चूक झाकतं. ते वाइनमध्ये, सगळ्यात आधी, पीएच आणि मीठ यांच्याही आधी गेलं पाहिजे.

कोणतं घ्यायचं? बहुतेक ठिकाणी हेप्टॅनॉइक (सी७) वापरतात. सी६ आणि सी८ साठी ते ठीक आहे, पण लॉरिकचं चिकटणं हेप्टॅनॉइक दाखवू शकत नाही. सी१० आणि सी१२ साठी अनडेकॅनॉइक (सी११) जोडीला घ्या. नॉनॅनॉइक टाळलेलं बरं, कारण ओलेइक आम्लाच्या ऑक्सिडीकरणातून ते आपोआप तयार होतं. मास डिटेक्टर असेल तर ड्युटेरियमयुक्त ऑक्टेनॉइक सगळ्यात चांगलं.

हेप्टॅनॉइकचा एक सापळा फार कमी जणांच्या लक्षात येतो. ध्रुवीय कॉलमवर त्याच्या जरा आधी फिनाइलइथेनॉल येतं, आणि वाइनमध्ये ते वीस-तीस मिलिग्रॅम प्रति लिटर सहज असतं. त्याची शेपटी हेप्टॅनॉइकच्या पायाखाली पसरली की सॉफ्टवेअर हेप्टॅनॉइकचं क्षेत्रफळ फुगवून मोजतं, आणि चारही आम्लं एकदम कमी दिसतात. भर न घातलेल्या, इंटर्नल स्टँडर्डही न घातलेल्या वाइनचा अर्क एकदा चालवून त्या जागी काय आहे ते बघा. याच टप्प्यात आणखी दोन पाहुणे भेटतात: पोटॅशियम सॉर्बेट घातलेल्या वाइनमधलं सॉर्बिक आम्ल, आणि जुन्या वाइनमध्ये डेकॅनॉइक व लॉरिक यांच्या मध्ये येणारा मोनोइथाइल सक्सिनेटचा रुंद उंचवटा. दोन्हींचे स्टँडर्ड चालवून त्यांची जागा नोंदवून ठेवा.

आकडे जास्त येतात तेव्हा

मिथाइल एस्टर करून मोजत असाल तर आधी इथे बघा. बोरॉन ट्रायफ्लुओराइड-मिथेनॉलमध्ये सुट्या आम्लाचं मिथाइल एस्टर होतं, पण वाइनमध्ये आधीपासून असलेलं इथाइल ऑक्टेनोएटही मिथाइल ऑक्टेनोएटमध्ये बदलतं. ते एखादा मिलिग्रॅम प्रति लिटर असलं तरी तुमच्या सुट्या आम्लात मिसळून जातं. शिवाय मिथाइल हेक्झॅनोएट १५० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणजे मूळ आम्लापेक्षा लवकर उडतं. सी६ ते सी१२ साठी एस्टर करण्याची गरजच नाही. आम्लांसाठी सुधारलेल्या एफएफएपी कॉलमवर आम्लं जशीच्या तशी चांगली येतात. एस्टर करायचंच असेल तर आधी अर्कातून थंड ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडने आम्लं काढून घ्या, दोन मिनिटांत थर वेगळे करा, पाण्याचा थर पीएच २ वर आणून पुन्हा अर्क काढा. इथाइल एस्टर पहिल्या द्रावकात मागे राहतात.

फक्त लॉरिक जास्त येत असेल तर हात, साबण आणि काचसामान तपासा. खोबरेल तेलातल्या मेदाम्लांपैकी जवळपास निम्मं लॉरिक असतं. केसांना लावलेलं तेल बोटांवरून पिपेटच्या टोकावर आणि तिथून नमुन्यात येतं. खोबरेलाच्या साबणाने धुतलेली काच आम्लात घातली की लॉरिक मोकळं होतं. काच शेवटी मिथेनॉल आणि डायक्लोरोमिथेनने धुवा. प्रत्येक तुकडीबरोबर कृत्रिम वाइनचा ब्लँक (आम्लं न घातलेला नमुना) पूर्ण प्रक्रियेतून न्या. ब्लँक नमुन्याच्या दहाव्या भागाहून मोठा असेल तर त्या दिवसाचं लॉरिक कळवू नका.

यंत्राचं तोंड

साध्या पॉलिइथिलीन ग्लायकॉल कॉलमवर आम्लांना शेपट्या येतात. आम्लांसाठी सुधारलेला एफएफएपी कॉलम घ्या: ३० मीटर, ०.२५ मिमी, फिल्म ०.२५ मायक्रॉन. इन्जेक्टर २४० अंश, स्प्लिटलेस एक मिनिट, ओव्हन ४० अंशांना तीन मिनिटं, मग मिनिटाला ६ अंशांनी २४० पर्यंत आणि तिथे दहा मिनिटं.

दिवसभरात सी१२ चं पीक उतरत जातं आणि सी६ जागेवर राहतं, असं दिसलं तर लायनर (इन्जेक्टरमधली काचेची नळी) बदलायची वेळ झाली. निष्क्रिय केलेला लायनर आणि निष्क्रिय ग्लास वूलच वापरा. वाइनच्या अर्काबरोबर न उडणारा चिकट भाग येतोच; कॉलमचे पहिले वीस-तीस सेंटीमीटर कापणं हा त्यावर खात्रीचा इलाज. सगळ्यात तीव्र स्टँडर्डनंतर नुसतं द्रावक चालवा. त्यात आम्लांची पिकं एक टक्क्याहून मोठी दिसली तर आम्लं तोंडाशी अडकून पुढच्या नमुन्यात उतरताहेत. एफआयडीचा प्रतिसाद साखळीनुसार बदलतो, त्यामुळे एका आम्लाचा प्रतिसाद-गुणक दुसऱ्याला लावू नका.

आटवणीविना अर्क

बहुतेक वेळा हीच पद्धत सुचवावीशी वाटते, कारण गळतीच्या निम्म्या जागा तिच्यात उरतच नाहीत. १५ मिलीच्या काचेच्या नळीत ३ मिली वाइन, ७ मिली पाणी, सी७ आणि सी११ चं इंटर्नल स्टँडर्ड, फॉस्फोरिक आम्लाचा थेंब, ४.५ ग्रॅम अमोनियम सल्फेट. विरघळल्यावर ०.२ मिली डायक्लोरोमिथेन. टेफ्लॉन अस्तराचं झाकण लावून तासभर मंद हलवा, २५०० फेऱ्यांवर दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, आणि तळाचा थेंब काचेच्या सिरिंजने इन्सर्ट असलेल्या वायलमध्ये घ्या. इथेनॉल १२ वरून ३.६ टक्क्यांवर आलेलं असतं. द्रावक थेंबाथेंबाने भिंतीला चिकटलेलं दिसलं तर नळी हळू गोल फिरवून पुन्हा सेंट्रिफ्यूज करा. सगळं धूर-कपाटात, कारण डायक्लोरोमिथेन श्वासातून जाणं चांगलं नाही.

फेणीसारख्या ऊर्ध्वपातित पेयासाठी तीन मिलीऐवजी पाऊण मिली घ्या आणि बाकी पाणी. पाण्याने पातळ करताच लांब साखळीचे एस्टर दुधाळ होऊन काचेला बसतात, म्हणून पाणी आणि डायक्लोरोमिथेन लागोपाठ घाला, मध्ये नळी ठेवून देऊ नका.

एसपीएमई फायबर (नमुन्यातले रेणू शोषून घेणारा लेप दिलेला बारीक धागा) झटपट चाळणीला चांगला, पण सी१२ साठी त्याच्यावर विसंबू नका, आणि कॅलिब्रेशनमधलं इथेनॉल नमुन्याएवढंच ठेवा.

आधीचे निकाल वाचवता येतात का

काही येतात. इंटर्नल स्टँडर्डखाली फिनाइलइथेनॉलची शेपटी होती असं दिसलं तर साठवलेल्या क्रोमॅटोग्रामवर पायाची रेषा हाताने पुन्हा ओढा. शेपटीवरून स्पर्शरेषा काढली की आकडे बऱ्यापैकी सावरतात. मिथाइल एस्टरचं वजन आम्ल म्हणून लिहिलं गेलं असेल तर सी६ ला ०.८९२, सी८ ला ०.९११, सी१० ला ०.९२५ आणि सी१२ ला ०.९३५ ने गुणा. इथाइल एस्टर मिसळले असतील तर त्याच वाइनमधले एस्टर वेगळे मोजून, आम्लात रूपांतर करून वजा करता येतात, मात्र त्या निकालासमोर तसं लिहिलं पाहिजे. फिल्टरला, फेसाला किंवा यीस्टला चिकटून गेलेलं सी१० कोणत्याही गणिताने परत येत नाही. ती बाटली शिल्लक असेल तर नमुना पुन्हा काढा, नसेल तर तो आकडा अहवालातून काढून टाका.